निजामी अंमल आणि आमची कादंबरी

मराठवाड्यात लिहिणाऱ्या माणसाला एक प्रश्न केव्हा ना केव्हा विचारला जातोच. तुमच्याकडे एक सबंध राजवट बुडाली, माणसे घरेदारे सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत जाऊन राहिली, एवढे रामायण झाले. मग त्यावरची तुमची कादंबरी कुठे आहे? विचारणारा बहुधा पुण्यामुंबईकडचा असतो आणि त्याच्या स्वरात किंचित थट्टाही असते. थट्टा बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतोच. हैदराबादच्या लढ्यावर मराठीत आठवणी आहेत, चरित्रे आहेत, गौरवग्रंथ आहेत. अनंत भालेरावांचा इतिहास आहे, नरहर कुरुंदकरांचे विवेचन आहे. नाही ती, वाचल्यावर त्या अंमलाखाली आपण स्वतः राहून आलो असे वाटायला लावणारी कादंबरी.

मी बीड जिल्ह्यातला एक शाळामास्तर आहे. दोनचार कादंबऱ्या नावावर आहेत. विद्यापीठाची पायरी मात्र चढलेलो नाही. तेव्हा या लेखात शास्त्रीय समीक्षेचा आव आणण्याचा प्रश्नच नाही. ज्याला हा विषय लिहावासा वाटतो आणि तो का लिहिला जात नाही याचा विचार करणे ज्याला भाग पडले, अशा एका व्यावसायिकाचे हे टिपण समजावे.

दर वर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन येतो आणि मुले निबंध लिहितात. त्या निबंधांतला जुलूम एकाच रूपात अवतरतो. घोड्यावर बसलेला, हातात जंबिया घेतलेला रझाकार! मुलांचा दोष नाही. आपल्या कथा-एकांकिकांनीही त्यांना तेच चित्र पुरवले आहे. रझाकारांचा धुमाकूळ खरा होता आणि भयंकर होता. पण कासीम रझवीच्या रझाकारांचे जोराचे दिवस म्हणजे १९४७चे अखेरचे महिने आणि १९४८. मीर उस्मान अली खान गादीवर आले १९११ साली, आणि असफजाही घराण्याचा अंमल तर १७२४ पासूनचा. शेवटच्या वर्षाची आग एवढीच दाखवायची तर त्या आधीची सदतीस वर्षे कशी काढली या लोकांनी? त्या काळात बीडमध्ये रोज काही घोडेस्वार फिरत नव्हते. तरीही माणसे गप्प होती. ती गप्प का होती, हा कादंबरीचा विषय आहे. घोडा हा फार तर तिच्या शेवटच्या प्रकरणाचा.

हा अंमल कसा चालत असे याचे थोडे तपशील पाहावेत. १९२९च्या सुमाराला सरकारने एक परिपत्रक काढले. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ते 'गस्ती निशाण ५३' या नावाने तोंडपाठ असे. सभा घ्यायची तर आधी इजाजत. खाजगी शाळा काढायची तरी इजाजत, आखाडा काढायचा तरी इजाजत. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले, त्यामागे अर्जविनंत्यांचे केवढे दिव्य होते हे त्या पिढीच्या आठवणींत वाचायला मिळते. स्टेट काँग्रेसवर तर सप्टेंबर १९३८मध्ये, तिची रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली. मूल जन्मायच्या आधी त्याला शिक्षा! ही बंदी उठली १९४६ साली. १९३८च्याच अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट सोडला नाही, म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने पुढे त्यांना सामावून घेतले. आ. कृ. वाघमारे यांचे 'मराठवाडा' पत्र संस्थानाबाहेर, पुण्यातून निघे. त्यावर बंदी आली की ते नाव बदलून निघायचे, त्या नावावरही बंदी आली की आणखी एक नाव घ्यायचे. आणि याच्या अगदी उलट टोकाला, हैदराबादेत १९२० साली जे मराठी साप्ताहिक निघाले त्याचे नाव काय, तर 'निजाम विजय'. एका पत्राला जगण्यासाठी नाव बदलत राहावे लागते आणि दुसऱ्याला जन्मतःच राजाच्या विजयाचे नाव धारण करावे लागते. या दोन नावांमध्ये जे अंतर आहे, तेवढ्यात आमची एक अख्खी पिढी राहिली.

मला वाटते, एकतंत्री सत्तेचे मर्म मारझोडीत कमी आणि या इजाजतीत जास्त आहे. मारणारा हात दिसतो, त्याचा राग येतो, कधीतरी त्याच्यावर हात उगारताही येतो. पण इजाजत मागायला गेलेला माणूस स्वतःच्या पायांनी जातो. तो अर्ज लिहितो, त्यात 'आला हजरत'च्या दीर्घायुष्याची प्रार्थना करतो, पेशकाराच्या ओसरीवर बसतो, चार दिवस हेलपाटे घालतो. शेवटी परवानगी मिळाली तर तो कृतज्ञ होतो! आपले जे होते तेच परत मिळाल्याबद्दल कृतज्ञ होणे, ही खरी गुलामी. पुढे पुढे तर तो मागतसुद्धा नाही. काय मागितले तर मिळणार नाही हे त्याला आधीच कळलेले असते. मग सरकारला नाही म्हणण्याचे श्रमही पडत नाहीत.

इथे रशियन वाङ्मयाची आठवण होणे अपरिहार्य आहे. पहिल्या निकोलस झारची कारकीर्द १८२५ ते १८५५. गादीवर येताच त्याने सरदारांचे बंड मोडले, १८२६ साली 'तिसरा विभाग' म्हणून गुप्त पोलिसांचे स्वतंत्र खाते काढले, आणि पुश्किनला बोलावून, यापुढे तुझा परीक्षक मीच, असे सांगितले. आमच्या निजामसाहेबांनी ती तसदी घेतली नाही. ते स्वतःच फार्सी-उर्दूत कविता करीत. पण गंमत अशी की त्या निकोलसच्या अमदानीचे जे चित्र जगाच्या मनात ठसले आहे, त्यात झार जवळजवळ दिसतच नाही. गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल'मध्ये दिसते एक आडगाव आणि तिथले भ्यालेले अधिकारी. वरून कोणी तपासनीस येणार एवढ्या बातमीनेच सारे गाव एका उपऱ्या, कफल्लक पोराच्या पायांवर लोळण घेते. हे नाटक १८३६ साली खुद्द झारच्या संमतीने रंगभूमीवर आले, हे विशेष. त्याच गोगोलच्या 'ओव्हरकोट'मध्ये आहे एक नकलनवीस कारकून आणि त्याचा एक कोट. बस्स. राजवाडा नाही, फाशीचा खांब नाही. आणि तरीही ती गोष्ट वाचून झाल्यावर त्या राज्याची थंडी हाडांत शिरते.

खांबही त्या वाङ्मयात आहे, पण तो लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या वाट्याला आलेला. डोस्टोव्हस्कीला १८४९ साली एका चर्चामंडळाच्या प्रकरणात पकडले. मंडळात एक बंदी असलेले पत्र वाचून दाखवले, हा त्याच्यावरचा मुख्य आरोप. डिसेंबरात त्याला इतरांबरोबर वधस्थानी उभे करून, बंदुका रोखल्यावर, शिक्षा बदलल्याचे जाहीर केले. पुढे चार वर्षे सैबेरियात सक्तमजुरी. त्यातून निघालेले 'मृतांच्या घरातील टिपणे' हे पुस्तक छापून आले १८६० नंतर, निकोलस मेल्यावर. म्हणजे अनुभव आणि पुस्तक यांत दहाबारा वर्षांचे अंतर. आमच्याकडे पाऊणशे वर्षे उलटून गेली. पण निव्वळ प्रतिभेच्या नावाने कपाळावर हात मारून चालणार नाही; कारणे शोधली पाहिजेत. मला चार दिसतात.

पहिले कारण आठवणींच्या वाङ्मयाचे आहे. आमच्या लढ्याचे लेखन प्रामुख्याने पुढाऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी केले. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर आमच्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते. तिथून ते लढ्याचे नेते झाले. अशा माणसांच्या आठवणी मोलाच्या असतात, पण त्यांची दृष्टी स्वाभाविकच सत्याग्रह, तुरुंग, छावणी, विलीनीकरण या मार्गाने जाते. जो सत्याग्रहाला गेला नाही, ज्याने कचेरीत बसून पगार घेतला आणि रात्री दार लावून चोरून वर्तमानपत्र वाचले, तो त्यात कुठे असणार? आणि अशांचीच तर संख्या मोठी होती. कादंबरीने त्यांना हात घालायचा तर ती आठवणींचीच री ओढत राहिली. परिणामी आमच्या कथांतले नायक सगळे छावणीतले, आणि गावात उरलेले सगळे एक तर गरीब गाय, नाहीतर फितूर.

दुसरे कारण भाषेचे. त्या राज्याचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. मराठी घरातला मुलगा शिकायचा झाला की गणितसुद्धा परक्या भाषेत शिके. हा अन्याय होता यात शंका नाही. पण त्याच वेळी ती भाषा आमच्या तोंडात बसली. अव्वल तालुकदार, अमीन, मुहतमीम, पेशकार, मिसल, करोडगिरी नाका, हाली सिक्का हे शब्द जिभेवर घेऊनच आमचे आजे जगले. आमचा कादंबरीकार लिहायला बसला की हे शब्द वगळतो. त्याची पात्रे सदाशिव पेठेत मुंज झाल्यासारखी बोलतात. अमिनाला 'पोलीस अधिकारी' केले की त्याची निम्मी जरब गेली. 'मिसल दाखल आहे' या तीन शब्दांत जी निराशा आहे ती 'तुमचे प्रकरण विचाराधीन आहे' असे लिहून येत नाही.

तिसरे कारण कथानकाचे आहे, आणि लिहिणाऱ्याला ते सर्वांत जास्त छळते. झारशाहीला निदान शेवट होता. शेवटच्या झारला १९१८ साली गोळ्या घालण्यात आल्या. आमच्याकडे १३ सप्टेंबर १९४८ला फौजा शिरल्या, पाच दिवसांत कारभार आटोपला आणि तेच निजामसाहेब २६ जानेवारी १९५०पासून हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले! १९५६ साली राज्याची वाटणी होईपर्यंत ते त्या जागेवर होते. १९६७ साली ते अंथरुणावर वारले आणि त्यांच्या अंत्ययात्रेला अपार गर्दी लोटली. आता या कथेचा खलनायक कुठे पाडायचा? ज्याच्या नावाने फर्मान निघे त्याच्याच नावाने नवे राज्य सुरू झाले. कचेऱ्यांतल्या खुर्च्या बहुतेक त्याच राहिल्या आणि मिसलीही. हा शेवट नाट्याच्या दृष्टीने गैरसोयीचा आहे म्हणून आमचे लेखक झेंडा फडकला की पडदा टाकतात. मला उलट वाटते की कादंबरी तिथून रंगायला हवी. सरकार बदलल्यावरही अर्ज लिहिताना ज्याचा हात थरथरतो, त्या माणसाला घेऊन तिने पुढे जायला हवे.

चौथे कारण सांगताना सावध बोलावे लागते, पण न सांगणे लबाडीचे होईल. या लढ्याला हिंदू-मुसलमान असा रंग देणे फार सोपे असते. परंतु विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत ज्यांची हत्या झाली ते 'इमरोज'चे संपादक शोएबउल्ला खान मुसलमान होते. उलट बाजूला, निजामाच्या छत्राखाली खेड्यापाड्यांत वेठबिगार राबवून घेणारे देशमुख, वतनदार यांत हिंदूंचीही कमतरता नव्हती. आणि पोलीस अॅक्शननंतर जे झाले त्याविषयी तर आमचे वाङ्मय मुके आहे. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. ती १९४८च्या अखेरीस संस्थानात फिरली. कारवाईच्या वेळी आणि नंतर कमीत कमी २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. सर्वांत जास्त झळ लागलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. त्यांच्या पाठोपाठ जी नावे येतात त्यांत आमचे बीडही आहे. मारले गेले ते बहुतांशी मुसलमान, आणि त्यांत रझाकारांशी काडीचा संबंध नसलेले कितीतरी. रझाकारांनी जाळलेले घर जिने पाहिले त्या बाईविषयी लिहायचे आणि चार महिन्यांनी शेजारचा पिंजारी कुठे गेला हे विचारायचे नाही, असली कादंबरी अर्धीच होईल. अर्धी कादंबरी लिहिण्यापेक्षा न लिहिलेली बरी, असे काही प्रामाणिक लेखकांना वाटले असावे.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही म्हणता तशी सामग्री मराठीत मुळीच नाही का? आहे, पण ती एकेकट्या माणसांच्या कर्तबगारीने उभी आहे. बी. रघुनाथांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. सातोन्यात १९१३ साली जन्मलेला हा माणूस परभणीस निजामाच्याच बांधकाम खात्यात नोकरी करीत होता, आणि १९५३ साली चाळिशीतच गेला. 'बाबू दडके', 'उत्पात', 'आडगावचे चौधरी' अशी त्यांच्या कादंबऱ्यांची नावे. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. सरकारी नोकराला त्या परवडणाऱ्याही नव्हत्या. पण निजामी अंमलातला मराठवाडी माणूस, त्याची कोंडी, त्याचे दारिद्र्य आणि त्याची आशाळभूत स्वप्ने यांची नोंद त्यांनी खुद्द त्या कोंडीत बसून केली. आमच्या समीक्षेने त्यांना 'मराठवाड्याचे लेखक' म्हणून एका कप्प्यात ठेवून दिले. एकतंत्री राज्यातल्या कारकुनाने लिहिलेले वाङ्मय म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिलेच नाही. तसेच सेतुमाधवराव पगडींचे 'जीवनसेतू'. ते हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. राज्ययंत्र आतून कसे फिरते, हे पाहायचे तर असा साक्षीदार हवा.

आमच्या शेजाऱ्यांकडेही पाहावे. तेलंगणाने याच राजवटीवर वट्टिकोट आळ्वारस्वामींची 'प्रजल मनिषि' आणि दाशरथी रंगाचार्यांची 'चिल्लर देवुळ्ळु' अशा कादंबऱ्या दिल्या. उर्दूत जिलानी बानूंची 'ऐवान-ए-गज़ल' आहे. तेलुगू लेखकाला हे साधले, कारण तिथली लढाई जमिनीची होती. दोरा आणि कूळ समोरासमोर उभे होते आणि जुलमाला रोजचा चेहरा होता. आमच्या मराठवाड्यातला लढा जास्त करून सुशिक्षित मध्यमवर्गाने चालवला, आणि त्याच्या छावण्या सरहद्दीपलीकडे नगर, सोलापूर जिल्ह्यांत होत्या. कथेचे केंद्रच गावाबाहेर गेले. गाव मागे राहिले आणि आमच्या कादंबरीतही ते मागेच राहिले.

अलीकडे आणखी एक प्रकार ऐकू येतो. निजाम तसा चांगला राजा होता. त्याने दवाखाने बांधले, धरणे बांधली, विद्यापीठ काढले. १९६५च्या युद्धात देशाला पाच हजार किलो सोने दान दिले. इमारती खऱ्या आहेत. सोन्याची गोष्ट मात्र तपासून पाहिली तर त्यांनी ४२५ किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोख्यांत गुंतवले होते, तेही व्याजाने. पण मला त्या हिशेबात शिरायचे नाही. ज्या विषयावर खरी कादंबरी नसते त्या विषयावर दंतकथा उगवतात, एवढेच यातून दाखवायचे आहे. एकीकडे शिंगे असलेला राक्षस, दुसरीकडे दानशूर कर्ण. दोन्ही चित्रे लहान मुलांची आहेत. आणि उद्याच्या भांडणांना ही दोन्ही चित्रे सारखीच उपयोगी पडतात, हा त्यातला धोका आहे. जो मुलगा राक्षसाची गोष्ट ऐकून वाढतो तो शेजारच्या आळीतल्या पोराकडे त्या राक्षसाचा नातू म्हणून पाहू लागतो; जो कर्णाची गोष्ट ऐकतो त्याला आपल्या आज्याच्या हालांची लाज वाटेनाशी होते. वर्गात या दोन्ही घरांतली मुले एकाच बाकावर बसतात. त्यांना काय वाचायला द्यावे, हा माझ्यापुढचा प्रश्न वाङ्मयीनच आहे, पण निव्वळ वाङ्मयीन नाही.

तेव्हा नव्याने लिहिणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. पहिले, उर्दू लिपी शिकून घ्यावी. निजामी दप्तरे त्या लिपीत आहेत आणि अनुवादकाच्या भरवशावर कादंबरी लिहिता येत नाही. दुसरे, नेत्यांच्या समाध्यांपेक्षा अर्जांकडे जास्त लक्ष द्यावे. एका साध्या अर्जात, तो लिहिणाऱ्याच्या वाकण्यात आणि त्यावरच्या शेऱ्यात, जेवढी राजवट असते तेवढी दरबाराच्या वर्णनात नसते. तिसरे, कथा १७ सप्टेंबरला संपवू नये. निदान १९५६पर्यंत न्यावी. चौथे, पिंजाऱ्याचे घर विसरू नये.

मी स्वतः ही कादंबरी लिहीन की नाही, सांगता येत नाही. दुसऱ्या कोणी लिहिली तर मला आनंदच होईल. ती आली म्हणजे १७ सप्टेंबरला मुलांना भाषण करायला सांगण्याऐवजी तिची चार पाने वाचून दाखवावीत, असा माझा विचार आहे. शक्य झाल्यास ज्या पानांवर एक माणूस इजाजतीचा अर्ज लिहायला बसतो आणि पहिली ओळ लिहून थांबतो, ती पाने.